परसातले कोर्ट आणि पायाखालची काळी माती

(घरबांधणीविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना स्थापत्य अभियंत्याने दिलेली उत्तरे)

या महिन्यात सोलापुरातून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची निघाली. घरामागच्या मोकळ्या जागेत खेळासाठी पक्के कोर्ट करावे, अशी इच्छा शहराच्या चार दिशांना एकाच वेळी निर्माण झालेली दिसते. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण बाकी तिघांनाही त्यातला बराचसा भाग लागू पडतो.

प्रश्न : आमच्या बंगल्याच्या पश्चिमेला मागच्या बाजूस दक्षिणोत्तर ६० फूट आणि पूर्व-पश्चिम ३२ फूट अशी मोकळी जागा आहे. थोरली मुलगी व मुलगा बॅडमिंटन खेळतात आणि धाकट्याला बास्केटबॉलची रिंग हवी आहे. चार इंच काँक्रीट ओतून त्यावर रंगीत प्लास्टिक टाइल्स बसवून पंधरा दिवसांत काम पुरे करून देतो, असे एका कंत्राटदाराने सांगितले आहे. जमीन काळी असून उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. एका कोपऱ्यात बोअर आणि कडुनिंबाचे झाड आहे. आम्ही कोणती काळजी घ्यावी? — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्या कंत्राटदाराचे म्हणणे खोटे नाही. पंधरा दिवसांत काम संपेल आणि पहिला उन्हाळाभर ते सुंदरही दिसेल. अडचण सुरू होईल ती पावसाळ्यात, आणि ती टाइल्समुळे किंवा काँक्रीटमुळे नसेल. आपण पत्रात अगदी सहज लिहिलेले ‘उन्हाळ्यात भेगा पडतात’ हे वाक्य मला त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते.

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असते. पण तिच्यावर काँक्रीटची लादी अंथरली की नेमके काय घडते, याचा विचार फारसा होत नाही. लादीच्या मध्यभागाखालची माती झाकली गेल्यामुळे तिच्यातला ओलावा वर्षभर जवळजवळ सारखा राहतो, तर कडांखालची माती पावसाळ्यात भिजून फुगते आणि एप्रिल-मे महिन्यांत वाळून खाली बसते. परिणामी लादीच्या कडा दरवर्षी उचलल्या जातात व पुन्हा लोंबकळतात, आणि चार इंचांची लादी हा खेळ दोन-तीन वर्षांपेक्षा अधिक काळ सहन करत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या घरामागे असेच कोर्ट केले, तेव्हा ‘फूटभर मुरूम पुरे’ असे गवंड्याला मीच सांगितले होते. दुसऱ्या पावसाळ्यात नेटच्या खांबापासून तीन बोटांवर एक केसाएवढी चीर दिसली. दिवाळीपर्यंत ती कोपऱ्यापर्यंत गेली आणि तिच्या दोन्ही बाजूंवर मिळून सरळ पट्टी ठेवली असता एका टोकाखालून माझा अंगठा सरकू लागला. उचललेली बाजू होती मोगऱ्याच्या वाफ्याकडची. वाफ्याला रोज संध्याकाळी पाणी घातले जात असे, आणि ते घालणाराही मीच होतो.

म्हणून पहिले काम माती तपासण्याचे. भारतीय मानकांत यासाठी एक अगदी साधी चाचणी आहे. वाळवून चाळलेल्या मातीचे दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करून एक भाग पाण्याच्या व दुसरा रॉकेलच्या शंभर मिलिलिटरच्या नळीत टाकतात, ढवळून हवा काढून टाकतात आणि चोवीस तासांनी दोन्हींतल्या मातीचे आकारमान वाचतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. समजा, रॉकेलमध्ये ती १० मिलिलिटरवर थांबली आणि पाण्यात १८ वर गेली, तर फुगवटा ८० टक्के झाला. ५० टक्क्यांच्या आत असेल तर फारशी चिंता नसते, ५० ते १०० मध्यम आणि त्यापुढे जास्त मानतात. रॉकेल मिळवणेच आता अवघड झाले आहे, तेव्हा दोन किलो माती पिशवीत भरून एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या किंवा खासगी माती-परीक्षण प्रयोगशाळेत द्यावी, हे बरे. नमुना वरवरचा नको. दोन फूट खोलीवरचा घ्यावा.

फुगवटा मध्यम निघाला असे धरून पुढचे लिहितो. बॅडमिंटनचे कोर्ट १३.४० मीटर लांब व ६.१० मीटर रुंद, म्हणजे ४४ बाय २० फूट असते. त्याच्या मागे दोन्हीकडे सहा-सहा फूट आणि बाजूंना चार-चार फूट मोकळी जागा धरली, तर लादी ५६ बाय २८ फुटांची होते व आपल्या जागेत नीट बसते. तिच्याभोवती एकेक फूट जास्त धरून ५८ बाय ३० फुटांत दोन फूट खोल काळी माती काढावी आणि त्या जागी मुरूम भरावा. हा भराव सुमारे ३५ ब्रासचा (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होतो. दाबल्यावर मुरूम बसतो, म्हणून प्रत्यक्षात ४२ ते ४५ ब्रास मागवावा लागेल. मुरूम हे गौण खनिज आहे, त्यामुळे प्रत्येक टिप्परसोबत वाहतूक परवाना आहे की नाही हे पाहून घ्यावे. खोदाई कंपाउंड भिंतीच्या अगदी जवळ येते, म्हणून भिंतीलगतचा भाग एकदम न उघडता तुकड्यातुकड्याने खोदावा व लगेच भरावा. भिंतीच्या पायाखालची माती मोकळी झाली तर ती भिंत शेजाऱ्यांच्या अंगणात जायला वेळ लागणार नाही.

मुरूम कसा असावा, यावर मात्र मी अडून बसेन. काही जण काळ्या मातीवर वाळू किंवा नुसती खडी भरायला सांगतात. वाळूच्या थरात पाणी साठते आणि तो थर खालच्या मातीला महिनोन्‌महिने पाणी पुरवणारी टाकी होऊन बसतो. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक डॉ. आर. के. कट्टी यांनी कालव्यांच्या अस्तरासाठी जी पद्धत रूढ केली, तिचे सार असे की फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या, पण आपसात धरून राहणाऱ्या मातीचा थर दाबून घालावा. आपला चांगला पिवळसर मुरूम या व्याख्येत बसतो. मूठभर मुरूम थोडा ओला करून दाबला असता त्याचा लाडू वळला पाहिजे, पण तो हाताला चिकटता कामा नये. सहा-सहा इंचांचे थर घालून प्रत्येक थरावर पाणी शिंपडावे व रोलर फिरवावा. कोपऱ्यांत रोलर पोहोचत नाही, तिथे धुम्मस करून घ्यावे. दोन फूट मुरूम एकदम ओतून वरून जेसीबीची चाके फिरवणे म्हणजे दाबणे नव्हे.

या भरावावर तीन इंचांचा साधा काँक्रीटचा थर, त्यावर जाड प्लास्टिकचा कागद आणि मग पाच इंच जाडीची, एम-२० किंवा त्याहून वरच्या प्रतीची लादी असावी. लादीत दोन्ही दिशांना आठ-आठ इंचांवर ८ मिलिमीटरच्या सळयांची जाळी हवी. ही जाळी जमिनीवर पसरून, काँक्रीट ओतताना आकड्याने वर ओढून घेण्याची एक वाईट सवय आपल्याकडे आहे. ओढलेली जाळी पुढच्याच मजुराच्या पायाखाली पुन्हा तळाला जाते. तेव्हा जाळी आधीच आधारावर उचलून, लादीच्या वरच्या निम्म्या भागात राहील अशी बांधून घ्यावी. लादीचे काँक्रीट साधारण साडेअठरा घनमीटर लागेल. जागेवर मिसळायचे असेल तर सिमेंटच्या दीडशेच्या आसपास गोण्या धराव्यात. तयार काँक्रीट मागवल्यास सहा घनमीटरच्या तीन गाड्या भरून थोडे उरते, तेवढ्यासाठी चौथी फेरी सांगून ठेवावी लागते.

लादीला जोड द्यावेच लागतात, कारण काँक्रीट सुकताना आकसते आणि आपण जोड दिला नाही तर ते आपल्या मर्जीने तडकते. इथे आपल्या जागेचे माप मोठे सोयीचे आहे. ५६ फुटांचे चार आणि २८ फुटांचे दोन भाग केले की १४ बाय १४ फुटांचे आठ चौकोन होतात. त्यांतला एक जोड बरोबर नेटखाली येतो आणि लांबीच्या दिशेने जाणारा जोड कोर्टाच्या मधल्या रेषेखाली लपतो. काँक्रीट ओतल्याच्या दुसऱ्या दिवसाच्या आत कटरने सव्वा इंच खोल काप घेऊन ठेवावेत.

उतार एकाच दिशेला आणि शंभराला एक असावा. २८ फुटांच्या रुंदीत हा उतार सुमारे सव्वातीन इंचांचा होतो. खेळताना तो जाणवत नाही, पण पाणी थांबत नाही. घर पूर्वेला आहे, म्हणून उतार पश्चिमेकडे द्यावा व त्या कडेने सिमेंटची पक्की गटार करावी. एक सेंटिमीटर पाऊस पडला तरी या लादीवरून साडेचौदाशे लिटरच्या आसपास पाणी वाहते, आणि सप्टेंबरातला पाऊस सेंटिमीटरवर थांबत नाही. हे पाणी गाळणीच्या टाकीतून बोअरमध्ये सोडले तर उत्तम. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात ते गटारात घालवणे बरे दिसत नाही. मात्र शोषखड्डा लादीजवळ अजिबात करू नये, नाहीतर इतके कष्ट करून बाहेर काढलेले पाणी आपणच पुन्हा पायात सोडल्यासारखे होईल. फुलांचे वाफे आणि हिरवळही कडेला नको. माझा मोगरा आता कुंड्यांत आहे.

बोअर लादीखाली गाडू नका. मोटर अडकली की ती काढायला घोडी (उंच तिपाई) लावावी लागते, गाडी आणावी लागते. तेवढी वाट मोकळी ठेवावी आणि बोअरचे तोंड लादीपासून उंच ठेवून झाकावे. कडुनिंबाचा प्रश्न दुहेरी आहे. झाड उन्हाळ्यात मातीतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे त्या बाजूची जमीन अधिक बसते. आणि जून महिन्यात पिकलेल्या लिंबोळ्यांचा सडा कोर्टावर पडला की त्या चिकट गरावरून घसरून हात मोडून घेणे सहज शक्य असते. झाड तोडावे असे मी म्हणणार नाही. त्या कोपऱ्यात लादी थोडी कापून घ्यावी आणि जूनमध्ये खेळण्याआधी खराटा फिरवावा.

बास्केटबॉलची रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर असते. तिचा खांब लादीत न रोवता उत्तरेकडच्या टोकाला स्वतंत्र पायावर उभा करावा, आणि तो पाया काळ्या मातीच्या खाली पक्क्या मुरमापर्यंत न्यावा. फळीपासून ४.६० मीटरवरची फ्री थ्रोची रेषा आपल्या लादीत आरामात बसते. ६.७५ मीटरची तीन गुणांची कमान लांबीत मावते, पण रुंदी साडेआठ मीटरच असल्यामुळे ती दोन्ही बाजूंना तुटेल. धाकट्याला ही गोष्ट आधीच सांगून ठेवा.

वरच्या टाइल्सविषयी थोडक्यात. छिद्रांच्या प्लास्टिक टाइल्सवर पाणी साचत नाही आणि गुडघ्यांना त्या थोड्या मऊ लागतात, हे खरे. पण प्लास्टिक उन्हात पसरते. हिवाळ्यातली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांतला फरक धरला तर ५६ फुटांच्या लांबीत दोन इंचांच्या आसपास वाढ होते, म्हणून टाइल्स भिंतीला किंवा खांबाला भिडवू नयेत. भिडवल्या की मधोमध फुगा येतो. सोलापूरची धूळ छिद्रांतून खाली जाऊन बसते, ती वर्षातून एकदा टाइल्स उचलून झाडावी लागते. त्यापेक्षा अॅक्रिलिकचा रंगथर द्यावा, असे माझे मत आहे. त्यासाठी मात्र काँक्रीटला २८ दिवस पुरे होऊ द्यावे लागतात. कंत्राटदाराच्या पंधरा दिवसांचा हिशेब इथेच चुकतो. पाणी मारण्याचेही तसेच. आपल्याकडे मिळणारे सिमेंट बहुधा मिश्र प्रकारचे असते आणि हवा कोरडी, तेव्हा लादीवर छोटे बांध घालून, आळी करून चौदा दिवस पाणी उभे ठेवावे. ओतकाम मे महिन्यात नकोच. दिवाळीनंतर खोदाई आणि जानेवारीतल्या गड्डा यात्रेच्या आत लादी, असा बेत ठेवला तर हवा आणि मजूर दोन्ही अनुकूल मिळतात.

प्रश्न : आमच्याकडे बॅडमिंटन कोर्ट तयार आहे, पण वाऱ्यामुळे खेळता येत नाही. वरून पत्र्याचे शेड टाकावे काय? — एक वाचक, होटगी रस्ता

उत्तर : बॅडमिंटनचे फूल पावणेपाच ते साडेपाच ग्रॅमचे असते, तेव्हा आषाढातल्या वाऱ्यापुढे त्याने तग धरावा ही अपेक्षाच चुकीची आहे. विशेष म्हणजे एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी पुण्याच्या छावणीत हा खेळ उघड्यावरच खेळत आणि त्याला ‘पूना’ असेच नाव पडले होते. पुढे तो छपराखाली गेला त्यामागे वारा हेही एक कारण आहे. पण शेडने आपला प्रश्न सुटेल असे वाटत नाही. चारही बाजू उघड्या ठेवल्या तर वारा येतच राहतो आणि बंद केल्या तर ती इमारत होते. उंचीचीही अडचण आहे : मोठ्या स्पर्धांसाठी कोर्टावर १२ मीटर मोकळी उंची लागते, आणि घरगुती खेळाला त्याच्या निम्मी धरली तरी ते शेड शेजाऱ्यांच्या गच्चीवरून दिसेल. शिवाय उघडी लादी आणि तिच्यावरचे छप्पर यांच्याकडे बांधकाम परवानगीच्या दृष्टीने वेगळे पाहिले जाते. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० पासून आपल्याकडेही लागू आहे आणि घराभोवतीचे सामासिक अंतर आकाशाला उघडे ठेवावे हे तिचे मूळ सूत्र आहे. त्यामुळे एक खांबही रोवण्यापूर्वी मंजूर नकाशा घेऊन महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात जाऊन यावे.

त्याऐवजी पश्चिमेच्या बाजूला दहा फूट उंचीची दाट हिरवी जाळी लावून पाहा. भिंतीवरून वारा उसळून पलीकडे भोवरा होतो. जाळीतून तो मंद होऊन येतो. जाळीच्या खांबांना मात्र वाऱ्याचा जोर पेलेल असा पाया द्यावा. पहाटे सहा ते साडेसात ही वेळ वाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत चांगली. आणि जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०१९ मध्ये उघड्यावरच्या खेळासाठी ‘एअर बॅडमिंटन’ हा प्रकार आणला आहे, त्याचे फूल वारा सोसेल असे बनवलेले असते. ते मिळाले तर पुढचा खर्च कदाचित वाचेल.

प्रश्न : आम्ही दोघे साठीपुढचे आहोत. घरामागे पिकलबॉलचे कोर्ट करून संध्याकाळी दिव्यांखाली खेळावे असे मनात आहे, पण शेजारच्या वहिनींनी आत्ताच नाराजी दाखवली आहे. — एक वाचिका, विजापूर रस्ता

उत्तर : वहिनींची नाराजी मी अनाठायी म्हणणार नाही. पिकलबॉलची बॅट कडक आणि चेंडू पोकळ प्लास्टिकचा असतो, त्यामुळे प्रत्येक फटक्याला ‘टक्’ असा तीक्ष्ण आवाज होतो आणि तो तासभर ऐकणे हे खेळणाऱ्याला वाटते तितके सोपे नसते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र दहापासून धरली जाते. आपण साडेआठला दिवे मालवता असे वहिनींना आधीच सांगितले, आणि पहिल्या दिवशी त्यांनाही बॅट हातात दिली, तर नियमांपर्यंत जाण्याची वेळ येणार नाही.

दिवे कोर्टाच्या लांब बाजूंना, वीस फूट उंचीवर, खाली तोंड करून लावावेत. मागच्या टोकांना लावले तर ते समोरच्या खेळाडूच्या डोळ्यांत जातात आणि बहुधा वहिनींच्या शयनगृहातही. वायर पाइपातून नेण्यासाठी पाइप लादीआधीच टाकून घ्यावेत, अर्थिंग स्वतंत्र असावे आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारा ईएलसीबी बसवल्याशिवाय दिवे सुरू करू नयेत. पाण्याने धुतलेल्या कोर्टावर अनवाणी फिरण्याची आपली सवय लक्षात घ्या.

मापे बॅडमिंटनचीच, ४४ बाय २० फूट. नेट कडेला ३६ व मध्ये ३४ इंच. कोर्टाची लांबी दक्षिणोत्तर ठेवा, म्हणजे मावळता सूर्य कोणाच्याच समोर येणार नाही. आपल्या वयाचा विचार करता अॅक्रिलिकखाली मऊ रबरमिश्रित थर अवश्य द्यावा. खर्च वाढतो, पण वाचवायचाच असेल तर तो रंगात वाचवावा.

प्रश्न : अंगणात जुनी शहाबादी फरशी आहे. तिच्यावरच टाइल्स अंथरून मुलांना खेळता येईल काय? — एक वाचक, बाळे

उत्तर : फरशी किती वर्षे जागची हललेली नाही, यावर ते अवलंबून आहे. पाच-सहा पावसाळे ती सपाट राहिली असेल तर खालची जमीन स्थिरावली आहे असे मानायला हरकत नाही, आणि लहान मुलांच्या खेळापुरत्या टाइल्स तिच्यावर चालतील. ठरवण्यापूर्वी एक काम करा. सकाळी ऊन चढण्याआधी सगळ्या अंगणावर नळीने भरपूर पाणी सोडा, तासभर थांबा आणि जिथे जिथे पाणी उरले असेल तिथे एक रुपयाचे नाणे ठेवून पाहा. नाणे पाण्याखाली गेले तर त्या जागेभोवती खडूने गोल करा. असे गोल चार-पाचच असतील तर तेवढ्या फरश्या उचलून खाली कच भरून पुन्हा बसवून घ्या. सांधे सिमेंटने भरा, कारण फरशीच्या मोकळ्या सांध्यातून उगवणारे गवत टाइलच्या छिद्रातून वर यायला एक पाऊस पुरतो. गोल दहाच्या पुढे गेले तर टाइल्स घेऊ नका आणि वर जुळे सोलापूरच्या वाचकाला लिहिलेले उत्तर मातीच्या चाचणीपासून वाचा.